पाकळीचा ‘ल’ जागेवर ठेवणारा फॉन्ट : टिरो देवनागरी मराठी

पुस्तकाच्या परीक्षणात शेवटच्या ओळीत ‘मुखपृष्ठ समर्पक, छपाई सुबक’ एवढे लिहिले की निर्मितीचा विषय संपतो, आणि ज्या अक्षरातून वाचकाने तीनशे पाने वाचली त्या अक्षराचे नावही कोणाला ठाऊक नसते. मी गेली चोवीस वर्षे मराठी अक्षरांच्या मांडणीवर उपजीविका करते आहे आणि या काळात अनेक फॉन्ट वापरून बाजूला ठेवले आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मात्र गेल्या अडीच वर्षांत तीन पुस्तके, एका दिवाळी अंकाचा कथाविभाग आणि काही किरकोळ कामे यांसाठी सलग वापरला, त्याची शेकडो पाने छापून हाताखालून गेली, तेव्हा त्याच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. पुस्तकांची मांडणी करणाऱ्या, लहान प्रकाशनसंस्था चालवणाऱ्या आणि या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा, ही इच्छा त्यामागे आहे.

आधी या फॉन्टची ओळख. जॉन हडसन आणि रॉस मिल्स यांनी १९९४ साली कॅनडात सुरू केलेल्या टिरो टाइपवर्क्स या संस्थेचे हे काम आहे. फॉन्टच्या अक्षररचनेचे श्रेय फिओना रॉस आणि जॉन हडसन यांच्याकडे जाते. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१५ पासून प्रसिद्ध करायला घेतलेल्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या द्विभाषिक ग्रंथमालेसाठी, म्हणजे डाव्या पानावर मूळ भारतीय भाषेतील मजकूर आणि समोरच्या पानावर इंग्रजी भाषांतर अशा पुस्तकांसाठी, जी अक्षरे घडवली गेली, त्यांच्यातूनच पुढे हे फॉन्ट सर्वांसाठी खुले झाले. देवनागरीसाठी त्यात हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन भावंडे आहेत. तिन्हींचा चेहरामोहरा एकच असला, तरी त्या त्या भाषेच्या वाचकाला सवयीची असलेली अक्षररूपे प्रत्येकात आपसूक येतात. गूगल फॉन्ट्सवरून तो विनामूल्य उतरवून घेता येतो, आणि त्याचा परवाना खुला असल्यामुळे विक्रीच्या पुस्तकात, संकेतस्थळावर किंवा पीडीएफमध्ये तो वापरायला कोणाची परवानगी लागत नाही किंवा शुल्कही पडत नाही.

फिओना रॉस यांच्याविषयी दोन वाक्ये अधिक लिहिते, कारण आमच्या क्षेत्रातील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते. १९७८ ते १९८९ या काळात त्या लायनोटाइप कंपनीच्या इंग्लंडमधील विभागात लॅटिनेतर लिप्यांचे काम पाहत होत्या, आणि त्या काळात तयार झालेल्या बंगाली व देवनागरी अक्षरांनी भारतीय वृत्तपत्रांची पाने दीर्घकाळ व्यापली. पुढे रेडिंग विद्यापीठात शिकवतानाही त्यांनी भारतीय लिप्यांचा अभ्यास सोडला नाही. परक्या लिपीवर आयुष्य घालवणाऱ्या व्यक्तीने आपल्या ‘ल’ची आणि ‘श’ची इतकी निगुतीने दखल घ्यावी, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे.

या दोन अक्षरांचे एवढे महत्त्व का, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझे बालपण सांगलीत गेले. वडिलांचे एक स्नेही दुकानांच्या पाट्या रंगवीत असत. आम्ही त्यांना पेंटरकाका म्हणत असू. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टपरीसमोर उभी राहायची. काका आधी खडूने दोन आडव्या रेषा मारून घेत, अक्षराचा अंगचा भाग चपट्या ब्रशने पुरा करीत आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी एका दमात ओढीत. ‘ल’ काढताना ते शिरोरेषेच्या मध्यातून एक आखूड दांडी खाली आणीत आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन गोल पाकळ्या उमलवीत. डावी पाकळी किंचित मोठी आणि उजवी तिच्यापेक्षा बारीक, असा त्यांचा हात होता. पहिलीच्या अंकलिपीत लसणाच्या चित्राशेजारी मी जो ‘ल’ गिरवला होता तोच हा ‘ल’, पण जिवंत हाताने काढलेला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यावर मी उपयोजित कलेकडे वळले, कोल्हापूरला जी. डी. आर्टचे शिक्षण पूर्ण केले आणि परत येऊन एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि गणेशोत्सवाच्या अहवालांची अक्षरजुळणी करू लागले. आर्थिकदृष्ट्या ती नोकरी किरकोळ होती, परंतु माझे खरे शिक्षण तिथेच झाले, कारण त्या छापखान्यात खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरे) जुळवण्याचे काम करून निवृत्तीला आलेले एक वृद्ध जुळारी अजून रोज येऊन बसत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. माझे प्रूफ हाती घेतले की ते आधी कागद उलटा धरीत आणि डोळे बारीक करून पाहत. “वाचू नको, नुसता काळेपणा बघ,” असे ते म्हणत. ज्या ठिकाणी शाई गोळा झाल्यासारखी दिसेल किंवा भोक पडल्यासारखी पांढरी जागा दिसेल, तिथे अक्षर चुकले आहे किंवा जुळणी चुकली आहे, असा त्यांचा निवाडा असे, आणि तो बहुधा बरोबर निघे.

त्या काळातील मराठी फॉन्टांचे संकेत खासगी असत. मजकूर एका यंत्रावर मराठी दिसे आणि तोच दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग होई. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ते फॉन्ट महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांसाठी बनत असल्यामुळे त्यांतील पुष्कळांमध्ये ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, म्हणजे मराठी वळणाचा असे. युनिकोड ही सर्व यंत्रांसाठीची सामाईक संकेतपद्धती आल्यावर मजकुराची देवाणघेवाण सुरळीत झाली, शोध घेता येऊ लागला, कीबोर्डाचा घोळ मिटला, आणि नेमक्या त्याच वेळी आमची दोन अक्षरे हातची गेली. युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच संकेतांक आहे आणि तो योग्यही आहे, कारण अक्षर एकच आहे, रूप तेवढे दोन. परंतु पुष्कळशा फॉन्टांत मूळ रूप म्हणून उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी ‘ल’ बसवलेला असतो. ज्या फॉन्टांत मराठी रूप असते, तिथेही मजकुराची भाषा मराठी असल्याचे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ते प्रकट होत नाही. ही भाषेची नोंद लेखकाच्या फाइलीत नसते, मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना ती गळून पडते, आणि एकाच पानावर दोन तऱ्हांचे ‘ल’ नांदू लागतात.

साधारण २०१२ च्या सुमारास मी पुण्यात स्वतंत्रपणे पुस्तकांची कामे घेऊ लागले होते. तेव्हा एका बालकथांच्या पुस्तकाच्या प्रती घेऊन एका शाळेच्या मुख्याध्यापिका प्रकाशकांकडे आल्या आणि मला बोलावणे आले. बाईंनी पान उघडून ‘लाल’ या शब्दावर बोट ठेवले. “आमची पहिलीची मुलं इथे अडतात हो,” त्या म्हणाल्या, “आम्ही फळ्यावर काढतो तो ‘ल’ हा नाही.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण मला अतिशय वाईट वाटले, कारण पेंटरकाकांच्या टपरीसमोर उभी राहणारी मुलगी मीच होते आणि हा ‘ल’ माझ्या नजरेतून निसटला होता. दुसऱ्या आवृत्तीत मी सहाशेहून अधिक ‘ल’ एकेक करून दुसऱ्या फॉन्टमधून आणून बसवले. त्यांतील ‘लि’ची वेलांटी अक्षरावर आपटत होती आणि ‘लु’चा उकार भलतीकडे लोंबत होता, म्हणून त्यांचे पुन्हा स्वतंत्र ठिगळकाम केले. आठ दिवस गेले. त्या कामाचे पैसे मी मागितले नाहीत.

राज्य शासनाने २००९ च्या आणि पुढे २०२२ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची व अक्षररूपांची नोंद करून ठेवली आहे, म्हणजे हा माझ्या एकटीच्या हट्टाचा विषय नाही. परंतु शासन निर्णय फॉन्टमध्ये आपोआप उतरत नसतो. तो उतरवणारा कोणी तरी कारागीर लागतो.

टिरो देवनागरी मराठीचे मोल मला इथे वाटते. कोणतीही भाषा निवडायची नाही, कोणता पर्याय चालू करायचा नाही, मजकूर नुसता आणून ओतायचा, आणि ‘ल’ पाकळीचा व ‘श’ देठाचा येतो. लेखकाने भ्रमणध्वनीवर टाइप करून पाठवलेला मजकूर असो किंवा कोणाच्या जुन्या अनुदिनीतून उचललेला असो, फरक पडत नाही. ज्याने सहाशे ‘ल’ हाताने बदलले आहेत त्यालाच या सोयीची खरी किंमत कळेल.

परंतु दोन अक्षरे बरोबर आहेत एवढ्यावर पुस्तकाचा फॉन्ट ठरत नाही, म्हणून मी त्याची रीतसर परीक्षा घेतली. कोणताही नवा मराठी फॉन्ट आला की मी एक ठरलेली शब्दयादी त्याच्यात छापून पाहते : दुसऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, आचार्य, सूर्य, ॲप, ऑफिस, विठ्ठल, वाङ्मय, उद्ध्वस्त, शिल्लक, कल्याण, ज्ञानेश्वर, विश्व. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक स्वयंपाक्याविषयीचा आणि दुसरा गुरूविषयीचा, आणि त्यांच्यातील भेद अर्ध्या ‘र’च्या त्या छोट्या आडव्या कोरीवर अवलंबून आहे, हे ज्या फॉन्टला कळत नाही तो मराठीचा फॉन्ट नव्हे. इथे ती कोर नुसती हजर आहे एवढेच नाही, तर तिला पुरेसे अंग आहे, त्यामुळे तेरा पॉइंटच्या छपाईत ती शिरोरेषेत विरघळून जात नाही. ‘ॲ’वरील चंद्र शिरोरेषेपासून सुटा आणि मोकळा बसतो. ‘शिल्लक’ या शब्दात देठाचा ‘श’, अर्धा ‘ल’ आणि पुरा ‘ल’ लागोपाठ येतात, आणि पाकळीच्या ‘ल’ला काढून टाकण्याजोगा उभा दंड नसल्यामुळे त्याचे अर्धे रूप घडवणे अवघड असते. छापून आलेला शब्द मी भिंगाखाली धरून पाहिला, तेव्हा तो ओळीत कुठेही तुटल्यासारखा वाटला नाही.

नंतर अण्णांची परीक्षा घेतली. पान उलटे धरले, डोळे बारीक केले. करडेपणा सगळीकडे सारखा होता. परिच्छेदाच्या मध्यात कुठे डाग नव्हता, कुठे खिंडार नव्हते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ अशी गर्दीची जोडाक्षरे आली की हलक्या प्रतीच्या फॉन्टांत तिथे शाईचा ठिपका दिसतो, तसा तो इथे दिसला नाही. अण्णा आज हयात नाहीत, पण हे पान मी त्यांना नक्की दाखवले असते.

या अक्षराचे वळण जुन्या मुंबईच्या छपाईशी नाते सांगणारे आहे. जावजी दादाजी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले आणि त्यांनी पुढे १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याची संस्कृत आणि मराठी पुस्तके पाहिलेल्या वाचकाला ते ठसठशीत, पोट मोकळे असलेले, जाड-बारीक रेषांचे अक्षर आठवत असेल. माझ्याकडे रद्दीच्या दुकानांतून जमवलेली तशी बारा-पंधरा पुस्तके आहेत. त्यांतील एक पान आणि टिरोमध्ये छापलेले पान मी शेजारी ठेवले, तेव्हा नव्या पानात जुन्याची नक्कल दिसली नाही, परंतु ठेवण तीच दिसली. बोरूने अक्षर गिरवणाऱ्याला ही ठेवण लगेच ओळखता येते. लॅटिन लिपीच्या लेखणीचे टोक ज्या बाजूला तिरके तासतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीच्या बोरूचे टोक तासले जाते, आणि म्हणून आपल्या अक्षरात जाडी आणि बारकावा यांच्या जागा वेगळ्या पडतात. गेली दहा वर्षे मी रोज सकाळी अर्धा तास बोरूने लिहिते. त्याचा कोणत्याही कामाशी संबंध नाही आणि त्यातून कधी पैसा आलेला नाही. परंतु फॉन्टमधील ‘अ’च्या पोटाची रेषा कुठे फुगावी आणि कुठे निमुळती व्हावी, हे डोळ्यांना कळू लागले ते त्या अर्ध्या तासामुळे. टिरोचा ‘अ’, ‘झ’ आणि ‘ळ’ पाहताना मला हात फिरल्याचा भास होतो, आणि ही पावती मी फार थोड्या फॉन्टांना देऊ शकते.

रविवारी मी जुन्या पाट्यांची छायाचित्रे काढायला बाहेर पडते. पेंटरकाकांच्या पिढीची रंगवलेली अक्षरे फ्लेक्सच्या मागे वेगाने नाहीशी होत आहेत. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आणि पुण्याच्या जुन्या पेठांमधल्या पाट्यांची माझी नोंदवही आता बरीच जाड झाली आहे. या छंदाने मला एक गोष्ट दाखवली. पाटीवरचे अक्षर आणि पुस्तकातले अक्षर यांचे धर्म वेगळे आहेत, आणि टिरो हा पूर्णपणे पुस्तकाच्या घरातला आहे. दुकानाच्या नावासाठी, फलकासाठी, जाहिरातीच्या मथळ्यासाठी तो घेऊ नये. दुरून त्याच्या बारीक रेषा हरवतात आणि त्याचा संयम तिथे निस्तेज वाटू लागतो.

पुस्तकाच्या बाबतीत माझा अनुभव आकड्यांसह सांगते, कारण तोच नव्या माणसाच्या उपयोगी पडेल. डेमी १/८ आकाराच्या, सत्तर जीएसएमच्या नॅचरल शेड कागदावरील दोनशे चाळीस पानांच्या आत्मचरित्रासाठी मी बारा, तेरा आणि चौदा पॉइंटमध्ये प्रत्येकी एक फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, छापून घेतला. बारा पॉइंट तरुण डोळ्यांना पुरतो, परंतु मराठी आत्मचरित्राचा वाचक बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. चौदा पॉइंटला पुस्तक बालवाङ्मयासारखे दिसू लागले आणि पाने वाढली. तेरा पॉइंट अक्षर आणि अठरा पॉइंट ओळ हे माप मला योग्य वाटले, आणि तेच पुढील दोन्ही पुस्तकांत कायम ठेवले. ओळींमधील अंतर सतराच्या खाली आणले, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना खेटू लागतात. तळटीपांसाठी मी साडेदहा पॉइंटच्या खाली गेले नाही, कारण खडबडीत कागदावर त्याहून लहान आकारात बारीक रेषा तुटक दिसतात. इनडिझाइन हे मांडणीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला आहे ना, हे मजकूर ओतण्यापूर्वी पाहून घ्यावे. एकदा मी ते विसरले आणि वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेले सोळा पानांचे प्रूफ लेखकांच्या हाती पडले, ते वयोवृद्ध गृहस्थ बिचारे रात्रभर लाल शाईने वेलांट्या दुरुस्त करीत बसले होते. दोष पूर्णपणे माझा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली.

आता उणिवेकडे येते, आणि ती लहान नाही. या फॉन्टमध्ये साधे आणि तिरपे अशी दोनच रूपे आहेत. ठळक रूप नाही. तिरप्या अक्षराची आपल्या लिपीत परंपरा नाही, म्हणून ते मला क्वचितच लागते, परंतु ठळक अक्षर मराठी पुस्तकाला पदोपदी लागते. प्रकरणांची शीर्षके, नाटकातील पात्रांची नावे, कोशातील मुख्य शब्द, पाठ्यपुस्तकातील व्याख्या या सर्व ठिकाणी ते नसले तर मांडणी करणाऱ्याचे हात बांधले जातात. काही जण अशा वेळी सॉफ्टवेअरकडून साधे अक्षरच फुगवून घेतात. तसे कृपया करू नये. त्यात अक्षराची बाह्यरेषा सरसकट जाड होते, ‘घ’, ‘ध’, ‘श’ यांची पोटे शाईने बुजतात आणि जाड-बारीक रेषांचा जो तोल घडवणाऱ्यांनी राखला आहे, तो पार बिघडतो.

मी त्यावर जो मार्ग काढला तो असा. शीर्षकांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या समूहाचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतला. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी घडवलेला हा फॉन्ट आधी ‘एक मुक्त’ या नावाने आला होता. तोही विनामूल्य आहे, त्याची अगदी बारीक ते अगदी जाड अशी सात वजने आहेत, आणि त्याच्या रेषेची जाडी जवळजवळ एकसारखी असल्यामुळे टिरोशेजारी तो वेगळा दिसतो, पण भांडत नाही. सेमीबोल्ड वजनातले शीर्षक आणि खाली टिरोतला मजकूर ही जोडी मला शांत वाटते. उलट, मजकुरात अधूनमधून संस्कृत वचने ठळक अक्षरांत द्यायची असतील, तर आयआयटी मुंबईच्या ‘शोभिका’चा विचार करावा, त्यात साधे आणि ठळक अशी दोन्ही रूपे आहेत. नाटकाच्या पुस्तकासाठी मात्र मी टिरो घेणार नाही. पात्रांची नावे दुसऱ्या फॉन्टमध्ये घेतली की प्रत्येक संवादाच्या आरंभी डोळ्याला ठेच लागते.

पडद्यावरील वाचनाविषयी माझा अनुभव मर्यादित आहे. चांगल्या भ्रमणध्वनीवर दीर्घ लेख वाचताना हा फॉन्ट सुखाचा वाटतो, विशेषतः अक्षराचा आकार एक पायरी वाढवून ठेवला तर. जुन्या संगणकांच्या पडद्यांवर त्याच्या बारीक रेषा फिकट होतात आणि मजकूर कागदावर दिसतो तितका भरीव दिसत नाही. ज्यांना बातम्या किंवा अर्जांची पाने करायची आहेत त्यांनी मुक्तकडेच जावे.

आठवड्यातून एक दिवस मी एका कलामहाविद्यालयात शिकवते. तिथली मुले विचारतात की विनामूल्य फॉन्ट चांगला कसा असेल. माझे उत्तर असे की आपल्याला तो विनामूल्य मिळतो, परंतु तो घडताना त्यावर पैसा, वर्षे आणि मोठ्या अनुभवाची माणसे खर्ची पडलेली आहेत. एका ग्रंथमालेच्या निमित्ताने ती खर्ची पडली आणि तिचे फळ आपल्या दारात आले. त्याच वर्गातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “मॅडम, मग याचे ठळक रूप आपणच का करू नये?” परवाना खुला असल्यामुळे तशी वाट मोकळी आहे. देवनागरीचे एक वजन नीट घडवायचे म्हणजे शेकडो जोडाक्षरांतून जावे लागते, हे मी तिला सांगितले. ती मागे हटली नाही. सध्या ती ‘ल’ आणि ‘श’ यांच्यापासूनच सुरुवात करून कागदावर पेन्सिलीने जाड रूपे काढते आहे, आणि दर बुधवारी वही घेऊन माझ्याकडे येते. तिच्या तिसऱ्या प्रयत्नातल्या ‘ल’ची उजवी पाकळी मला पेंटरकाकांच्या हाताची आठवण करून देणारी वाटली.

गुणांकनच करायचे झाले, तर कथा, कादंबरी, ललित, आत्मचरित्र आणि कविता यांच्या छापील पुस्तकांसाठी मी या फॉन्टला पाचपैकी साडेचार देईन. पाठ्यपुस्तके, कोश आणि नाटके यांच्यासाठी, ठळक रूप येईपर्यंत, अडीचच्या वर जाता येणार नाही.

आत्मचरित्राची दुसरी आवृत्ती गेल्या महिन्यात छपाईला गेली. या वेळी श्रेयनामावलीच्या पानावर मुद्रक आणि मुखपृष्ठ यांच्या खाली मी एक ओळ वाढवली : ‘मजकुराचे अक्षर : टिरो देवनागरी मराठी, १३ पॉइंट. अक्षररचना : फिओना रॉस आणि जॉन हडसन.’ प्रकाशकांनी ती ओळ वाचून विचारले की ही कशासाठी. वेलांट्या दुरुस्त करीत बसलेले तेच लेखक शेजारी होते. ते म्हणाले, “असू द्या. माझी अडीचशे पाने या लोकांनी वाहून नेली आहेत.”